सतरा गोळ्या

त्या नर्सबाईला मी पहिल्याच दिवशी ओट्यावरून खाली उतरवलं होतं. पांढरं लुगडं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पेटी, आणि पायरी चढता चढताच विचारते, "सुनेला कितवा महिना?" अगं बाई, तू कोण, कुठून आलीस, घोटभर पाणी घेशील का, काही नाही! थेट पोटावर बोट. मी म्हटलं, "आमच्या घरचे महिने आम्ही मोजतो. तुम्ही सरकारचे मोजा."

ती हसली. मला कुणी हसलेलं खपत नाही, आणि माझ्याच दारात तर मुळीच नाही. पण ती बाई चिवट निघाली. सुनंदाला, म्हणजे माझ्या सुनेला, तिने उजेडात उभं केलं, डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, हिच्या अंगात रक्तच नाही. या लाल गोळ्या रोज एक, जेवण झाल्यावर. ताकदीच्या आहेत. बाळही चांगलं वजनदार होईल."

वजनदार! नेमका तोच शब्द मला नको होता.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. सातव्या महिन्यापासून मी तिला तूप चारलं, डिंकाचे लाडू चारले, केळी, दूध, जे मागेल ते. गावभर मिरवलं मी, बघा माझी लेक कशी भरली. ती दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी पोरही गेलं आणि तीही गेली. सुईण म्हणाली, पोर अंगाने फार मोठं होतं, वाटच मिळाली नाही त्याला. माझ्या हाताने चारलं होतं मी. तेव्हापासून माझ्या घरात गर्भारबाईने पोटाला तडस लागेल असं जेवायचं नाही, हा माझा नियम. मूल लहान असावं, सुखाने बाहेर यावं, मग काय ते बाळसं बाहेर आल्यावर धरावं. सुनंदाचा पहिला, आमचा अभिमन, असाच झाला. उंदराएवढा, पण दोन तासांत मोकळी झाली. आता अडीच वर्षांचा होता आणि घर डोक्यावर घेत होता. मग माझं चुकलं कुठे, सांगा!

तर मी नर्सबाईसमोरच सुनंदाला बजावलं, "त्या गोळ्या खायच्या नाईत. समजलं का व?"

"हो आत्याबाई," ती म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. पोर गरीब. उलट शब्द नाही कधी.

पण गरीब माणूस काय कमी बेरकी असतं? पंधरा दिवसांनी मी तिची ट्रंक उन्हाला काढली. ती शेतात कापूस वेचायला गेली होती. साडीच्या घडीत कागदाची पुडी, पुडीत लालभडक गोळ्या! माझं डोकंच फिरलं. म्हणजे तोंडावर हो आत्याबाई, आणि पाठीमागे हे! मनात आलं, अस्सं ओढत आणावं शेतातून आणि विचारावं. पण सात महिन्यांची गर्भारशी. नाही विचारलं. मी दुसरी युक्ती केली. दोन गोळ्या काढल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. चार दिवसांनी आणखी तीन. तिला वाटावं, आपलीच मोजणी चुकली. पुडी संपली की विषय संपला.

उकिरड्यावर का नाही फेकल्या, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. अहो, मला त्या परत करायच्या होत्या! नर्सबाई गुरुवारी गावात येई. भरली डबी तिच्यापुढे आपटायची आणि म्हणायचं, "घ्या तुमची ताकद, आमच्या घरात पुरेशी आहे." हे वाक्य मी चुलीपुढे बसून चार-चारदा घोकलं होतं. म्हणून दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत मी त्या जमवल्या. सतरा झाल्या होत्या. वर देवळीत देवांच्या मागे डबी ठेवली होती, पोराचा हात तिथे पोचत नव्हता.

माघातला गुरुवार होता तो. सकाळीच मी डबी खाली काढली, नर्सबाई येईल म्हणून ओसरीवर जात्याजवळ ठेवली. तेवढ्यात शेजारच्यांची बकरी आमच्या वाळत घातलेल्या तुरीत शिरली. आता बकरी कुणाची, तर ज्यांच्याशी माझं आधीच वाकडं. मी काठी घेऊन गेले, बकरी हाकलली, आणि मग तिच्या मालकिणीला घरापर्यंत जाऊन चार गोष्टी ऐकवल्या. चार कसल्या, चाळीस ऐकवल्या. बराच वेळ गेला.

परत आले तर अभी ओसरीवर बसलेला. ओठ लाल, जीभ लाल, हनुवटीवर लाल ओघळ. मला वाटलं पोराला लागलं. जवळ गेले तर डबी आडवी पडलेली. रिकामी.

गोळीवर साखरेचा मुलामा असतो, हे मला कुठे ठाऊक! पोराने चघळून चघळून खाल्ल्या होत्या.

मी काय केलं ते सांगते. लपवून आता काय उपयोग. पायाने ती डबी कणगीखाली लोटली. आधी डबी लोटली, मग पोराला उचललं. हा क्रम मला मरेपर्यंत विसरता यायचा नाही.

मान वर केली तर सुनंदा दारात उभी. हातातलं पिठाचं ताट तसंच. तिने काय बघितलं, काय नाही, मला कळलं नाही. मी ओरडले, "बघ, बघ तुझे धंदे! तुझ्या गोळ्या खाल्ल्या पोरानं!"

आणि तेवढ्यात अभीने भडभडून ओकारी केली. दुधाबरोबर लाल, तपकिरी, काहीतरी घाण वासाचं. मग दुसरी. मग तिसरी. मग जुलाब लागले, काळेशार. पोराचे डोळे एका घडीत आत गेले.

पितांबर, माझा मुलगा, खळ्यावरून धावत आला. लखीचंदशेठची जीप कापसाच्या कामाला जळगावला निघाली होती, ती बाजारपेठेत गाठली. शेठ भला माणूस, स्वतः खाली उतरला आणि आम्हाला बसवून दिलं. सुनंदाच्या मांडीवर पोर, बाजूला मी, पुढे पितांबर. नर्सबाईकडे जाऊ असं सुनंदा एकदा म्हणाली. मी म्हटलं, "तिनंच तं विष दिलं!" झालं, जीप सरळ जळगावच्या रस्त्याला लागली.

वाटेतलं नेरी गेल्यावर पितांबरने मागे वळून विचारलं, "किती होत्या?"

सुनंदाने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या पुडीत चार राहिल्या होत्या."

"पोराच्या हाताला लागतील अशा ठेवल्या काहून? अक्कल गहाण टाकली का?"

ती अजून माझ्याकडेच बघत होती. मी रस्त्याकडे तोंड केलं. बाभळी मोजत बसले. मनात म्हटलं, कुंदे, बोल. आणि दुसरं मन म्हणालं, काय बोलतेस? पोर ओकलं ना सगळं? मग झालं तर. कशाला उगाच घरात आग लावायची. चोराला सतरा वाटा असतात म्हणतात, मला त्या दिवशी सत्तर सापडत होत्या.

जळगावात स्टेशनजवळ एका डॉक्टरचा दवाखाना होता, चार खाटांचा. डॉक्टर तरुण, चष्म्याचा, बोलायला मऊ. त्याने पोराचं पोट दाबलं, डोळे बघितले, नाडी धरली. "किती गोळ्या खाल्ल्या?"

"चार," पितांबर म्हणाला.

"नक्की चारच?" डॉक्टरने सुनंदाला विचारलं, आईला माहीत असतं म्हणून.

पुन्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

"माझ्या पुडीत चार होत्या," ती म्हणाली. तेच वाक्य, शब्दाला शब्द.

डॉक्टरने सोड्याचं पाणी पाजलं, एक इंजेक्शन दिलं आणि बसवून ठेवलं. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला ओकाऱ्या थांबल्या. तीन वाजता अभीने डोळे उघडले, पाणी मागितलं. चार वाजता खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला वाकुल्या दाखवायला लागला. माझ्या जिवावरचा धोंडा उतरला. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. चांगले पाच.

डॉक्टर आला, पुन्हा पोट दाबलं, आणि पितांबरला म्हणाला, "चार म्हणजे फार नाहीत, त्यात बऱ्याच ओकून पडल्या असतील. नेलंत तरी चालेल." मग जाता जाता थांबला. "नशीब म्हणा तुमचं. दहा-पंधरा असत्या तर मी याला दोन दिवस दारातून हलू दिलं नसतं. या गोळ्या फार फसव्या. पोर ओकतं, मग बरं होतं, हसतं, खेळतं. आईबाप खुशीत घरी नेतात. आणि तिथे एकदम हातपाय गार पडतात. मग कुणाच्या हातात काही राहत नाही."

मी भिंतीला टेकून उभी होते.

सुनंदाने पितांबरला बाहेर बोलावलं. नळाजवळ दोघं उभी होती. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, एरवी कधी नवऱ्यासमोर मान वर न करणारी बाई. खिडकीतून मला शब्द ऐकू येत नव्हते. पितांबरचा चेहरा लाल झाला. त्याने बोट उगारलं, काहीतरी दोनच वाक्यं बोलला आणि चालायला लागला. ती आत आली तेव्हा पदर तोंडात कोंबलेला. मला वाटलं, निष्काळजीपणावरून झापली असेल. आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. माझ्यावरचं तिच्यावर गेलं ना!

पाचची बस होती. टांग्याने स्टँडवर आलो. गर्दी मरणाची. पितांबरने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मी आणि सुनंदा बसलो. पोर माझ्या मांडीवर, कारण सुनंदाला पोटामुळे धरवत नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली नुसतं काळं होतं, बाकी सगळा चेहरा चुन्यासारखा. सारखी पोराच्या कपाळाला हात लावून बघत होती. कपाळ, मग हात, मग पाय. कपाळ, हात, पाय.

मी स्वतःला समजावत होते. पोर बरं आहे. खेळतंय. सतरातल्या दहा तर ओकलाच असेल. नाही कशावरून? ड्रायव्हर चढला. कंडक्टर मागून तिकिटं फाडत यायला लागला. आमचं गाव पहूर, ते किती लांब? दीड तास. तिथे रात्री डॉक्टर कोण? कुणी नाही. मी आहे, आणि देव आहेत, आणि कणगीखाली डबी आहे.

तेवढ्यात अभीने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. हसला. दातांवर अजून लाली होती. "आजी," म्हणाला, "गोड गोळी. अजून दे."

पोर हसतं, खेळतं. आईबाप खुशीत घरी नेतात.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. आणि मी अशी किंचाळले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "थांबवा! गाडी थांबवा हो! सतरा होत्या! चार नाई, सतरा! माझ्या डबीत होत्या, मी चोरल्या होत्या तिच्या!"

अख्खी गाडी माझ्याकडे वळली. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला वारं लागलं का काय. पितांबर दांडीला धरून उभा होता. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू त्याची आई नव्हे, कुणी परकी बाई बसली आहे जागेवर. मग त्याने माझ्या मांडीवरून पोर हिसकलं, हो, हिसकलंच, आणि चालत्या गाडीतून उडी टाकली. टांगा नाही, काही नाही. पळतच सुटला स्टेशनाकडे. गाडी थांबली तेव्हा सुनंदा आणि मी उतरलो. तिला पळवत नव्हतं, मला पळवत नव्हतं. तिने माझा दंड धरला. मला आधार द्यायला की घ्यायला, कोण जाणे.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टरने पोराच्या नाकातून नळी घातली होती, पोट धुणं चालू होतं. मऊ बोलणारा तो माणूस माझ्यावर असा बरसला! "सकाळी सांगायला काय झालं होतं? पोर तुमचं की वैऱ्याचं?" जन्मात कुणाचं ऐकून न घेणारी मी, खाली मान घालून उभी राहिले. वैऱ्यानेही असं केलं नसतं, हे मला माहीत होतं.

दिवेलागणीला पोर पडलं. जसं डॉक्टरने सांगितलं होतं तसंच. हसणं गेलं, हातपाय गार, ओठ निळे. पण सलाईन आधीच चालू होती, डॉक्टर खाटेशीच होता. रात्र कशी गेली ते मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी झाली, आणि डॉक्टरने पहिल्यांदा खुर्चीत बसून चहा मागितला. तिसऱ्या दिवशी सकाळी अभीने "माय" म्हणून हाक मारली. अजून धोका पुरता टळला नव्हता, पण डॉक्टर म्हणाला, घरी असतात तर त्याच रात्री संपलं होतं सगळं.

त्या सकाळी पितांबर चहा आणायला गेला, तेव्हा मी सुनंदाजवळ बसले. माफी कशी मागतात मला येत नाही. आयुष्यात मागितली नाही, तर येणार कुठून? मी म्हटलं, "तू डबी पाहिली होती का व?"

"हो," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाई? पोराच्या जिवापरीस मी जड झाली तुले?" बघा माझी जीभ! चूक माझी आणि जाब तिला.

ती पोराचा हात चोळत होती. चोळता चोळताच हळू म्हणाली, "बोलली होती, आत्याबाई. नळाजवळ बोलली होती. आत्याबाईच्या डबीत लई गोळ्या होत्या, डॉक्टरले सांगा म्हटलं. ते म्हणे, माझी माय असं करनार नाई. तिच्यावर आळ घेशीन तं माहेरी सोडून येईन." आणि मग, "मी बसमध्ये ठरवलं होतं, गाडी हालली की उडी मारायची पोराले घेऊन. पोर तुमच्या मांडीवर होतं."

माझा मुलगा माझ्यावर विश्वास ठेवून आपलं पोर मरायला घरी घेऊन निघाला होता. मी किती खरी बाई आहे, हे मीच त्याला लहानपणापासून ओरडून ओरडून शिकवलं होतं.

दहाच्या सुमाराला डॉक्टर फेरीवर आला. पोराला तपासलं, मग सुनंदाकडे बघून थबकला. तिची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. विचारलं, माती खातेस का? तिने मान खाली घातली. मला माहीत होतं की ती भिंतीची माती उकरून खाते, मी त्याला डोहाळे म्हणत होते. डॉक्टर म्हणाला, "हिचं बाळंतपण अडणार नाही आजी, हिला बाळंतपण झेपणारच नाही. थोडं जास्त रक्त गेलं की संपली ही. मूल मोठं होऊन नाही, अंगात रक्त नाही म्हणून बाया जातात." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या लेकीला नक्की काय झालं मला माहीत नाही. कदाचित तिची हाडंच अरुंद असतील. पण लाडवांनी नसेल झालं." पितांबरने त्याला वच्छलाचं सांगितलं असणार.

लाडवांनी नसेल झालं. सोळा वर्षं मी ते ओझं घेऊन बसले होते आणि ते उतरवायला मला असं ठिकाण मिळालं.

दवाखान्यातली बाई पेल्यात पाणी आणि हातात एक लाल गोळी घेऊन आली. सुनंदाच्या तळहातावर ठेवली आणि पुढच्या खाटेकडे गेली. सुनंदाने ती गोळी बघितली. डॉक्टरने सांगितलेलं तिने ऐकलं होतं. पोर तिच्या डोळ्यांदेखत मरणाच्या दारातून परत आलं होतं. आणि तरीही, गोळी तशीच हातावर धरून तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. परवानगीसाठी.

त्या बघण्याने माझं काळीज चिरलं. इतकं सगळं झाल्यावर, अजून माझ्याकडे!

"माझ्याकडे काय बघते व?" मी खेकसले. खेकसण्याशिवाय मला दुसरं येतं काय! "मी कोण लागून गेली मोठी? गीळ ती गोळी!"

ती दचकली, गोळी तोंडात टाकली. पाण्याचा पेला मी उचलून तिच्या ओठांना लावला, पण इतक्या घाईने की निम्मं पाणी तिच्या पोलक्यावर सांडलं.